चढावर न उतरणारे व्याही

पुण्यातला कुठला रस्ता कुठे चढतो आणि कुठे उतरतो, हे आमच्या व्याह्यांइतकं ठाऊक असलेला माणूस या भूतलावर नाही. खुद्द मुठा नदीसुद्धा आधी त्यांना विचारून मग वाहत असेल, अशी माझी खात्री आहे. तुम्हीआम्ही पत्ता सांगताना मिठाईच्या दुकानापासून डावीकडे, मग पिवळ्या इमारतीच्या समोर, असं सांगतो. व्याही सांगणार, "कोथरूडहून निघालात की पहिला एक किलोमीटर पाय न मारता जाल. मग फसवा चढ लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. तो संपला की उजव्या हाताला आमचं घर." ऐकणारा रिक्षावाला बिचारा त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. लग्नाच्या पत्रिकेवर कार्यालयाचा नकाशा छापायचा होता, तर यांनी तो चढ-उतारांच्या बाणांसकट काढून दिला. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "काका, पाहुणे गाड्यांनी येणार आहेत हो." तर म्हणे, "म्हणून काय झालं? गाडीला चढ नसतो का?"

लग्न म्हणजे माझ्या लेकीचं आणि त्यांच्या मुलाचं. पोरांनी आपलं आपण जमवलेलं होतं, मोठ्यांनी एकदा भेटायचं आणि पोहे खायचे एवढंच बाकी होतं. जावई गाडीने आले. व्याही कर्वेनगरहून सायकलवर, तेही अर्धा तास आधी, पांढरा शर्ट, पँटच्या पायाला क्लिप लावलेली. आमच्या वॉचमनने त्यांना कुरिअरवाला समजून खालीच बसवून ठेवलं आणि हे महाशय नवऱ्या मुलाचे वडील असूनही गुपचूप बसून राहिले, कारण वॉचमनच्या खुर्चीमागे भिंतीला लावलेल्या सायकलच्या टायरमध्ये हवा कमी होती आणि त्या विषयावर त्यांचं बोलणं चांगलं रंगलं होतं. वर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "विहीणबाई, तुमच्या घराला यायला चढ आहे. म्हणजे मुलीला माहेरहून आमच्याकडे येताना उतार. स्थळ चांगलं आहे." आठ दिवस मानपानाच्या काळजीने झुरणाऱ्या आमच्या ह्यांना असं हसू फुटलं की पोहे नाकात गेले.

व्याहीण तेव्हाही नव्हत्या, मुलगा कॉलेजात असतानाच गेल्या. व्याह्यांनी भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं गेज तपासण्याचं काम केलं. गेज म्हणजे माप बघायचं साधन, हे मला त्यांनीच समजावलं. केसाइतका फरक सापडला तरी माल परत. ही सवय निवृत्तीनंतर गेली असेल असं वाटत असेल तर तुम्ही आमच्या घरी दिवाळीला यायला हवं होतं. लाडू दोन बोटांत धरून बघायचे आणि म्हणायचे, "मागच्या ताटातल्यापेक्षा हा दोन मिलिमीटर लहान आहे." मी म्हटलं, "अहो, खाऊन बघा, तोंडात तेवढाच मावतो." तर म्हणाले, "चवीबद्दल तक्रार नाही. मापाबद्दल बोलतोय." राग यावा असं बोलणं, पण माणूस इतका सरळ की राग यायच्या आधीच विरघळून जातो.

कारखान्यात जायचे तेही सायकलवरच. तीच हिरवी, लोखंडी, तीन गिअरची सायकल अजून आहे आणि ती दिवाणखान्यात सोफ्याच्या शेजारी उभी असते. पाहुणे जास्त झाले तर पाहुण्यांनी सरकायचं. आमच्या लेकीने नवी सून म्हणून पहिल्या महिन्यात ती पार्किंगमध्ये नेऊन ठेवली, तर संध्याकाळी सासरे आपली पांघरुणाची घडी घेऊन पार्किंगमध्ये निघाले. सायकल वर आली.

आणि त्यांचं एक तत्त्व होतं. चढावर उतरायचं नाही. लोक चढ आला की सायकलवरून खाली उतरतात आणि हातात धरून चालू लागतात, ते त्यांना बघवायचं नाही. कात्रजचा घाट, दिवे घाट, सगळे न उतरता चढलेले. एकदा घाटात मध्येच साखळी तुटली. "मग तरी उतरलात की नाही?" मी विचारलं. म्हणाले, "नाही. सायकल थांबली, मी आडवा झालो. पडणं वेगळं आणि उतरणं वेगळं." असं म्हणून कोपरावरचा व्रण असा दाखवला, जसा एखादा सरकारी बक्षीस दाखवील.

मागच्या पावसाळ्यात हेच तत्त्व त्यांच्या अंगाशी आलं. खोकला होता, अंगात ताप होता, पण सांगायचं कुणाला? दहा दिवस कुणाला न सांगता सायकल चालवत राहिले. अकराव्या दिवशी जिन्यात बसले ते उठले नाहीत. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. एकवीस दिवस दवाखाना, त्यातले नऊ आयसीयूत, तोंडाला ऑक्सिजन. जावई बाहेरच्या बाकावर बसून असायचे. मी डबा घेऊन जायचे, तर तो तसाच्या तसा परत यायचा. एकदा मला म्हणाले, "आई, ताप आहे एवढंच सांगितलं असतं ना, तरी पुरलं असतं." एवढंच. आणि न उघडलेला डबा परत माझ्या पिशवीत ठेवला.

घरी आले तेव्हा व्याह्यांचं वजन अकरा किलोंनी उतरलेलं. पलंगापासून गॅलरीपर्यंत जाताना मध्ये खुर्चीवर थांबा घ्यावा लागायचा. फिजिओथेरपीची मुलगी यायची, तिने एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं, त्यात तीन गोळ्या. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर जातात. व्याह्यांनी ओढला, एकच गोळी हलली, तीही अर्धी. त्यांनी यंत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि निकाल दिला, "हे तपासून आणलेलं नाही. माप चुकतंय." मुलगी लहान, पण पुण्याचीच. तिने स्वतः तिन्ही गोळ्या टणाटण वर नेऊन दाखवल्या आणि म्हणाली, "यंत्र बरोबर आहे, आजोबा. श्वास कमी पडतोय." आयुष्यभर दुसऱ्याचा माल परत पाठवणाऱ्या माणसाला त्या दिवशी एका प्लॅस्टिकच्या नळीने परत पाठवलं होतं.

पण दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. माझी लेक रोज फोनवर बातमी द्यायची. आज दीड गोळी. आज दोन. आज बाबा सायकल काठीसारखी धरून गेटपर्यंत गेले. आज सीटवर बसले, पण पाय जमिनीवरच. आज पाण्याच्या टाकीला एक फेरी. मग तीन. सोसायटीतली पोरं त्यांच्या मागे आपल्या छोट्या सायकली घेऊन रांगेने फिरायची, आणि ती पुढे गेली की व्याही म्हणायचे, "जा, जा, तुमचं अजून उत्पादन चालू आहे." दिवाळीनंतर रस्त्यावर आले. संक्रांतीपर्यंत दहा किलोमीटर. आणि मग एका रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की आता खडकवासल्याचं धरण. जाऊन येऊन तीसेक किलोमीटर.

घरात जे काही झालं ते लेकीने मला सविस्तर सांगितलं. जावयांनी आधीच गॅलरीत व्यायामाची जागच्या जागी चालवायची सायकल आणून ठेवली होती. व्याही तिच्यावर एकदाच बसले होते. विचारलं, "ही जाते कुठे?" मुलगा म्हणाला, "कुठेच नाही, बाबा." "मग बसलो काय आणि झोपलो काय." आता मात्र जावई हट्टाला पेटले. "यापुढे गॅलरीतलीच चालवायची. ती हिरवी मी कुणाला तरी देऊन टाकतो." तेव्हा व्याह्यांनी आपणहून पैज मांडली. धरणापर्यंत चढावर एकदाही न उतरता गेलो तर हिरवी राहील. वाटेत चढावर एकदा जरी उतरलो तर माल नापास. ज्याला द्यायची त्याला दे, मी ब्र काढणार नाही. जावयांनी एक अट घातली, मागे कुणीतरी पाहिजे. स्वतः गेले असते तर वाटभर बापलेकांचा शब्दाला शब्द लागला असता. म्हणून लेकीने मला फोन केला. "आई, तू जा स्कूटरवरून. तुला ते नाही म्हणू शकत नाहीत."

हे मात्र खरं. व्याह्यांच्या घरच्या रीतीत विहिणीला नाही म्हणायचं नसतं. आमच्या घरच्या रीतीत व्याह्यांना उपाशी ठेवायचं नसतं. या दोन रीती समोरासमोर आल्या की काय होतं ते आता ऐका.

रविवारी सकाळी साडेसहाला मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून, त्यावर हेल्मेट चढवून कर्वेनगरात हजर. डिकीत पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोज, थालिपीठं, लोणी आणि छोट्या डब्यात शिरा. व्याही तयार होते, पण निघेनात. "आपण पुढे व्हा, विहीणबाई."

"अहो, मला मागून यायला पाठवलंय."

"विहीणबाईंनी मागून यायचं? लोक काय म्हणतील?"

"आणि मी पुढे गेले आणि तुम्ही मागे पडलात तर मला कसं कळणार?"

गेटवर दहा मिनिटं यातच गेली. शेवटी शेजारी शेजारी निघालो. माझ्या स्कूटरच्या वेगाचा काटा इतका खाली होता की गाडीला वाटलं असेल, बाई दुरुस्तीला नेताहेत. राजाराम पुलाच्या अलीकडे मागून सिटी बसने हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "आजी, आजोबांना मागं बसवा की गाडीवर!"

"व्याही आहेत ते माझे!" मी ओरडले.

"मंग तर बसवाच!" अख्खी बस हसली. व्याही कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले आणि त्यानंतर मला मागे राहायची परवानगी मिळाली.

सिंहगड रस्त्याला लागल्यावर त्यांनी डाव्या हाताच्या खुणा सुरू केल्या. एक बोट वर म्हणजे हलका चढ, दोन बोटं म्हणजे बरा चढ, तळवा पालथा म्हणजे सपाटी. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, पाणी मागताहेत. प्रत्येक बोटाला मी गाडी थांबवून बाटली काढायची, आणि तोवर ते पुढे. वडगाव येईपर्यंत मी अशी पाच वेळा उतरले. पण पाठीमागून बघत होते मी, पाठ ताठ होती, पाय एका लयीत फिरत होते. आठ महिन्यांपूर्वी ज्या माणसाला खुर्चीवर थांबा लागायचा तो आता माझ्यापुढे चालला होता. मला आपलं उगाचच भरून आलं.

आणि त्या भरात नांदेड फाट्याला कडुलिंबाखाली थांबल्यावर मी डबा उघडला. एक थालिपीठ त्यांनी आवडीने खाल्लं. म्हणाले, "पुरे." आता व्याह्यांनी पुरे म्हटलं म्हणजे आमच्याकडे जेवणाला सुरुवात झाली असं समजतात. "असं कसं? मुलीच्या माहेरचं आहे." दुसरं गेलं. "हे माझ्यासाठी." तिसरं गेलं. आणि तीन कधी वाढत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून चौथं. मग गोड झाल्याशिवाय उठायचं कसं, म्हणून शिरा. त्यांनी प्रत्येक वेळी नको म्हणायला तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी मी त्यात काहीतरी घातलं. माणूस विहिणीला नाही म्हणेना आणि मी व्याह्यांना सोडेना. उठताना त्यांनी आपल्या पोटाकडे असं पाहिलं, जसं भोसरीला शंका असलेल्या मालाकडे बघत असतील. मी मात्र पुण्य पदरात पडल्यासारखी खुशीत डबे आवरले.

खडकवासला गाव लागलं आणि धरणाच्या उंचीला जाणारा शेवटचा चढ सुरू झाला. व्याह्यांनी डावा हात उचलला, तीन बोटं दाखवली आणि पटकन हात हँडलवर ठेवला. थोडं पुढे गेल्यावर पुढचं चाक डुगडुगायला लागलं. शर्ट पाठीला चिकटला. माझ्या स्कूटरच्या आवाजातूनही त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी जरा पुढे होऊन चेहरा पाहिला. राखेसारखा झाला होता. आणि मला लख्ख कळलं की हा आजार नाही, ही माझी चार थालिपीठं आहेत. फुप्फुसं जेमतेम भरून आली होती, आणि मी त्यांच्या खाली शिरा रचला होता.

काय करावं? मी "उतरा" म्हटलं असतं तर ते लगेच उतरले असते, विहिणीचा शब्द कसा मोडणार? पण मग सायकल गेली, आणि ती माझ्या शब्दाने गेली. उतरा म्हटलं नाही आणि हा माणूस तत्त्वासाठी तिथेच आडवा झाला, तर मी लेकीला आणि जावयांना कुठल्या तोंडाने भेटू? शेवटी म्हटलं, जाऊ दे सायकल खड्ड्यात, आणि ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यांचा डावा पाय जमिनीला टेकला. मग उजवा. व्याही चढावर उतरले.

मी गाडी स्टँडला लावून धावले. ते हँडलवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून श्वास मोजत उभे होते. मी रडतच होते. "माझ्या थालिपिठांनी घात केला हो!"

बऱ्याच वेळाने चेहऱ्यावर रंग आला. म्हणाले, "थालिपीठं उत्तम होती. माल चांगला, गोदाम लहान." मग म्हणाले, "तुम्ही आता सांगणार होतात ना उतरायला? म्हणून आधीच उतरलो. नाहीतर ते तुमच्या नावावर गेलं असतं."

शेजारी कणसं भाजणारी एक बाई आमचा तमाशा बघत होती. ती म्हणाली, "आजी, गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, कुनी नेत न्हाई. म्हाताऱ्याला जरा चालवत न्या, वर लई वारा हाय." मग व्याह्यांनी सायकल हातात धरली आणि आम्ही दोघं हळूहळू चालत वर निघालो. चालता चालता त्यांनी सांगितलं की आयसीयूत छताकडे बघत ते मनातल्या मनात याच रस्त्याने यायचे. प्रत्येक चढ, प्रत्येक उतार बरोबर. पण या चढावर आले की नेमकी सिस्टर औषध घेऊन यायची. "नऊ दिवसांत एकदाही वर पोचलो नाही, विहीणबाई. मनातसुद्धा उतरायचं सुचलं नाही. उतरून चाललो असतो तर पोचलो असतो की." वर पोचल्यावर आम्ही पाण्याकडे बघत उभे राहिलो. अर्धा अर्धा चहा घेतला. त्याबरोबर भजी घ्या, असं मी म्हटलं नाही. याची नोंद घ्यावी.

परतीच्या वाटेवर मी मनाशी पक्कं केलं होतं की खोटं बोलायचं. जावई सोसायटीच्या पायऱ्यांवर बसूनच होते, सकाळपासून असावेत. मी गाडी थांबवायच्या आतच सुरू केलं, "अगदी थेट धरणापर्यंत हो जावईबापू, एकदम झोकात..."

"उतरलो," व्याही म्हणाले. "गावाच्या पुढच्या चढावर. तिथून वरपर्यंत चालत गेलो. चारशे बारा पावलं."

जावई उठले. "आई, तुम्ही उतरवलंत?"

"नाही हो. माझ्या तोंडून शब्दच फुटला नव्हता."

"म्हणजे बाबा, स्वतःहून? दम लागला म्हणून?"

"दम लागला म्हणून," व्याही म्हणाले आणि सायकल पुढे केली. "घे. ठरलं होतं."

जावयांनी सायकल घेतली नाही. ते परत पायरीवर बसले, दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि मला कळेना, हा आता रडतोय की हसतोय. म्हणाले, "बाबा, मला सायकलची भीती कधीच नव्हती. तुम्ही उतरत नाही, याची होती. तुम्ही उतरणार असाल तर दिल्लीला जा."

व्याह्यांनी सायकलचं हँडल परत आपल्याकडे वळवलं. मग म्हणाले, "दिल्लीला वाटेत घाट फार आहेत," आणि सायकल उचलून जिना चढायला लागले. तिसऱ्या पायरीवर थांबले, वळून म्हणाले, "जरा मागून धर रे." जावई धावले.

गॅलरीतल्या त्या जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर हल्ली टॉवेल वाळत असतात. त्यानंतर आणखी तीन रविवार मी व्याह्यांच्या मागून गेले. एकच थालिपीठ, तेही परतताना. चढ आला की ते उतरतात, आजूबाजूला बघत चालतात, शेवग्याला शेंगा लागल्यात का तेही सांगतात, आणि सपाटीला परत बसतात. चौथ्या शनिवारी फोन आला. "विहीणबाई, उद्या आपण विश्रांती घ्या. मी एकटा जाऊन येतो. मुलाला विचारलंय."

मी म्हटलं, "अगदी जाऊन या." यासाठीच तर एवढा खटाटोप होता. आमचे हे म्हणाले, "सुटलीस बाई, आता रविवारी उशिरापर्यंत झोप." पण पाचला जाग यायची ती आलीच. गवती चहा घालून चहा केला, गॅलरीत बसले, पेपर दोनदा वाचला. नऊच्या सुमाराला फोन वाजला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"पोचलो, विहीणबाई. दोनदा उतरलो."

"छान झालं," मी म्हटलं. "सावकाश या."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, दुसऱ्या हातात माझं हेल्मेट होतं. कधी उचललं होतं कोण जाणे. पदराने जरा पुसलं आणि कपाटावर ठेवून दिलं.